दोन बॅटऱ्या बसवल्या, तरी दिंडीची गाडी पहाटे सेल घेईना

वाल्ह्याचा मुक्काम, पहाटेचे साडेतीन. ड्रायव्हरने चावी फिरवली आणि बोनेटखालून फक्त ‘टक् टक् टक्’ असा आवाज आला. ज्यांच्या दिंडीत पिकअप किंवा टेंपो असतो त्यांना हा आवाज ओळखीचा असेल. तंबू गाडीत, भांडी गाडीत, शिधा गाडीत. पालखी मार्गाला लागून रस्ता माणसांनी भरायच्या आत गाडी पुढच्या मुक्कामाच्या वाटेला लागली नाही, तर दुपारी चालून आलेल्या माउलींना बसायला सावली नाही आणि चूल पेटलेली नाही.

आमच्या गाडीची बॅटरी तीन वाऱ्या ओळीने उतरली. दर वर्षी आम्ही काहीतरी नवीन बसवलं आणि दर वर्षी ती वेगळ्याच कारणाने उतरली. ती कारणं ज्या क्रमाने सापडली त्याच क्रमाने सांगतो. तुमची गाडी वारीची नसली, मंडप-डेकोरेशनची, फिरत्या दुकानाची किंवा हौसेने बांधलेली कॅम्परची असली, तरी घोटाळा बहुतेक यांतलाच निघेल.

पहिल्या वर्षी गाडीत एकच बॅटरी होती, बारा व्होल्टची. तिच्यावरच हौद्यातले दिवे, माइकचा अँप्लिफायर आणि मोबाइल चार्जिंगचा इन्व्हर्टर. ती उतरली यात नवल नाही. गाडीची बॅटरी सेल मारण्यासाठी बनवलेली असते. आतल्या प्लेटा पातळ आणि पुष्कळ, म्हणजे दोन-चार सेकंद दोनशे-तीनशे अँपिअर देऊन ती मोकळी होते आणि इंजिन सुरू झालं की लगेच भरून निघते. तिला रात्रभर थोडं थोडं पिळलं तर नुसती उतरत नाही, खराबही होते. असं पाच-दहा वेळा खोलवर उतरवलं की नवी बॅटरीसुद्धा वर्षभरात ‘धरत नाही’ म्हणायची वेळ येते.

दुसऱ्या वर्षी घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे अँपिअर गुणिले तास) ट्युब्युलर बॅटरी, तासन्‌तास हळूहळू वीज देणारी, हौद्यात ठेवली आणि दोन जाड वायरींनी सरळ पहिलीला जोडली, प्लसला प्लस, मायनसला मायनस. गावातल्या मिस्त्रीचा हिशोब सरळ होता: दोन बॅटऱ्या म्हणजे डबल ताकद. झालं काय, तर दोन्ही बरोबरच उतरल्या. कायम जोडलेल्या दोन टाक्यांत पाण्याची पातळी एकच राहते, तसं हे. वर आणखी, एक जुनी आणि एक नवी असली तर जुनी नवीला ओढत राहते. आजही कुणी असं जोडून ठेवलं असेल तर पुढचं वाचायच्या आधी एक वायर सोडा.

मग मध्ये रिले, म्हणजे इशारा मिळाला की आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच, आला. खरा त्रास तिथून सुरू झाला, कारण आता सगळं बरोबर आहे असं आम्हीच धरून चाललो होतो.

रिले आहे, तरी स्टार्टरची बॅटरी उतरते

रिलेचं काम एवढंच: इंजिन चालू असताना दोन बॅटऱ्या जोडायच्या, बंद झालं की तोडायच्या. तो तोडतोय का, हे बघायला दोन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. इंजिन बंद करा, पंधरा मिनिटं थांबा आणि दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्ट थेट टर्मिनलवर मोजा. एक १२.६१ आणि दुसरी १२.३५ असेल तर त्या वेगळ्या झाल्या आहेत. दोन्हीकडे दुसऱ्या दशांशापर्यंत सारखाच आकडा आला तर शंका घ्या. मग हौद्यातले सगळे दिवे आणि अँप्लिफायर लावा आणि पुढच्या बॅटरीचा आकडा बघत राहा. तो खाली सरकू लागला तर रिले तोडत नाही. जास्त करंटने आतले पॉइंट चिकटून बसतात. बाहेरून रिले ठणठणीत दिसतो, ‘खट्’ असा आवाजही करतो. चिकटलेला रिले हातोडीच्या दांड्याने ठोकून सोडवणारे पुष्कळ भेटतात. त्याने आजची रात्र निघते, उद्याची नाही. बदलून टाका.

आमचा रिले मात्र चांगला होता. चोर दुसरीकडे होता आणि त्याला पकडायची युक्ती आम्हाला सासवडच्या एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनने दाखवली. त्याने हौद्यातल्या बॅटरीची प्लसची वायरच काढून टाकली आणि म्हणाला, “आता सगळी बटणं लावा.” दिव्यांची माळ लख्ख पेटली! बॅटरी नवी बसवली होती, पण दिव्यांची जुनी वायर तशीच पुढच्या फ्यूज बॉक्सला राहिली होती. इन्व्हर्टर तेवढा नव्या बॅटरीवर, बाकी सगळं जुन्यावर. दोन बॅटऱ्या बसवणाऱ्यांपैकी निम्म्यांचं घोडं इथेच पेंड खातं असं मला आता वाटतं. मागची बॅटरी सोडल्यावर जे जे चालू राहतं ते सगळं स्टार्टरचं रक्त पितंय, असं समजा आणि वायर उचलून मागच्या बाजूला आणा. केबिनमधला टेपसुद्धा बघा. रात्री गाडीत झोपणारी मंडळी अभंग लावून ठेवतात.

हे सगळं करूनही दोन-तीन दिवस उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल तर गळती आहे. चावी काढा, दारं लावा, अर्धा तास जाऊ द्या म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर झोपतो. मग मायनसची वायर सोडून टर्मिनल आणि वायर यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर लावा. वायर सोडली की कॉम्प्युटर पुन्हा जागा होतो, म्हणून मीटर लावल्यावरही आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. ३००-४०० दाखवत असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याच्याने आकडा पडतो ती लाइन. आमच्याकडे जीपीएस ट्रॅकर आणि हॉर्नचा एक अर्धवट बसलेला रिले निघाला. मीटर असा लावलेला असताना चुकूनही सेल मारू नका. मीटरचा फ्यूज जातो आणि स्वस्त मीटर असेल तर मीटरच.

रिलेला इशारा कुठून मिळतो

हे कुणी विचारत नाही, पण विचारावं. आमच्या मिस्त्रीने रिलेची बारीक वायर चावीच्या लाइनला जोडली होती. म्हणजे चावी ‘ऑन’ केली की इंजिन सुरू व्हायच्या आधीच रिले जोडला जायचा. रात्रभर रिकामी झालेली मागची बॅटरी त्या क्षणी पुढचीकडून ओढायला लागते, आणि नेमक्या त्याच क्षणी तुम्ही सेल मारता. शिवाय सेलचा करंट मधल्या वायरीतून उलटा येऊ पाहतो आणि फ्यूज उडतो. वाल्ह्याला जो ‘टक् टक्’ आला त्यात याचा वाटा मोठा होता.

इशारा इंजिन चालू झाल्यावरच मिळायला हवा. एक मार्ग म्हणजे अल्टरनेटरच्या, गॅरेजमध्ये ज्याला अजून डायनामो म्हणतात त्याच्या, डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या दिव्याला जाणाऱ्या टर्मिनलवरून इशारा घ्यायचा. त्या टर्मिनलला मोठ्या रिलेचा भार झेपत नाही, म्हणून मध्ये एक छोटा रिले लागतो. दुसरा आणि सोपा मार्ग म्हणजे व्होल्टेज बघून स्वतः जोडणारा-तोडणारा रिले. पुढची बॅटरी साधारण १३.३ व्होल्टच्या वर गेली की तो जोडतो आणि १२.८ च्या खाली आली की तोडतो. चावीशी त्याचा संबंध नाही, ड्रायव्हरने काही लक्षात ठेवायचं नाही. आम्ही शेवटी हाच घेतला. हाताने फिरवायचा मोठा स्विच स्वस्त आणि मजबूत असतो हे मान्य, पण पहाटे काकड्याच्या घाईत तो फिरवायचा कुणी विसरणार नाही याची खात्री देणारा ड्रायव्हर मला अजून भेटलेला नाही. डायोडचे, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे, आयसोलेटरही मिळतात; साध्या डायोडमध्ये ०.६-०.७ व्होल्ट जातात, म्हणजे १४.२ निघाले तर मागे साडेतेराच पोचतात आणि ट्युब्युलर कायम अर्धपोटी राहते.

एक अपवाद लक्षात ठेवा. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर कॉम्प्युटरच्या ताब्यात असतो. डिझेल वाचवायला तो मध्येच व्होल्टेज खाली आणतो, कधी साडेबारा-तेरापर्यंत. मग व्होल्टेजवर चालणारा रिले सारखा जोडतो-तोडतो किंवा जोडतच नाही, आणि मालक म्हणतो रिले बोगस निघाला. इंजिन चालू ठेवून अर्धा तास मीटर लावून बघा. आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान ठाम राहत असेल तर रिले चालेल. वर-खाली नाचत असेल तर डीसी-टू-डीसी चार्जर लागेल, जो मिळेल ते व्होल्टेज घेऊन मागच्या बॅटरीला हवं तेवढं चढवून देतो. अशा गाड्यांत बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर एक छोटा सेन्सर असतो. मागच्या बॅटरीची मायनस त्या टर्मिनलला नाही, चासिसला जोडायची. नाहीतर सेन्सरचा हिशोब चुकतो.

पुढची वाचली, पण मागची भरतच नाही

तिसऱ्या वर्षी सेल मारायची अडचण संपली आणि नवीन सुरू झाली: फलटण यायच्या आधीच मागची बॅटरी झोपली. अंधारात हरिपाठ, आणि तीसेक मोबाइल मेलेले. मग काय, कुणीतरी पुढच्या बॅटरीवरून क्लिप लावून इन्व्हर्टर चालवला आणि आम्ही पुन्हा पहिल्या वर्षाच्या जागी.

आधी वायर तपासली. बोनेटपासून हौद्यापर्यंत पाच मीटर, आणि टाकलेली चार स्क्वेअर एमएमची, घरात गिझरला वापरतात तसली. तांब्याच्या पाच मीटर चार स्क्वेअरच्या वायरीत २० अँपिअरला जवळजवळ ०.४४ व्होल्ट जातात. अर्थिंग, म्हणजे मायनसची चासिसला केलेली जोडणी, गंजलेलं असेल तर तेवढेच पुन्हा. चार्जिंगमध्ये अर्धा व्होल्ट फार मोठा असतो. त्याच जागी १६ स्क्वेअरची टाकली तर ०.११ व्होल्टवर भागतं. मोजायची सोपी पद्धत अशी: इंजिन चालू ठेवून मीटरची एक पिन पुढच्या बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी मागच्या प्लसवर. मध्ये जेवढे व्होल्ट दिसतील तेवढे वाटेत गळतात. ०.३ च्या आत हवेत. मायनसचंही असंच बघा, आणि चासिसला जिथे लग (वायरीच्या टोकाची चकती) बसवलाय तिथला रंग खरवडून पत्रा पांढरा दिसेपर्यंत घासा. रंगावर बसवलेलं अर्थिंग हे आपल्याकडचं सर्वात लाडकं अर्थिंग आहे.

फ्यूज दोन्ही टोकांना हवा, प्रत्येक बॅटरीपासून वीतभर अंतरात. ही वायर दोन्हीकडून जिवंत असते. मध्ये कुठे घासून चासिसला टेकली तर एका टोकाचा फ्यूज उडेल, पण दुसऱ्या टोकाची बॅटरी वायर पेटवत राहील.

वायर बदलली, तरी बॅटरी झोपलीच. फक्त एक दिवस उशिरा. शेवटी लोणंदच्या मुक्कामात वहीवर हिशोब मांडला. तो पहिल्याच वर्षी मांडला असता तर एवढं रामायण घडलं नसतं.

दिवे: नऊ वॅटचे सहा, रात्री मिळून सहा तास. ५४ गुणिले ६, म्हणजे ३२४ वॅट-अवर, भागिले १२, म्हणजे २७ एएच. अँप्लिफायर: पाच अँपिअर, हरिपाठ आणि कीर्तन धरून दोन तास, म्हणजे १०. आणि मोबाइल? एका मोबाइलची बॅटरी साधारण १५ वॅट-अवरची. तीस मोबाइल म्हणजे ४५०, इन्व्हर्टर आणि चार्जरमध्ये जाणारं धरून ६०० च्या घरात. म्हणजे ५० एएच! आम्ही तीन वर्षं “दिवे मालवा रे” म्हणून ओरडत होतो आणि खाणारा खिशात होता. एकूण खर्च रोजचा ८७.

आता जमा. पालखीचा एक टप्पा गाडीला जास्तीत जास्त तास-दीड तासाचा. माणसं दिवसभर चालतात, गाडी सकाळी पोचून उभी. एवढ्या वेळात ट्युब्युलर बॅटरी फार तर २५-३० एएच आत घेते. तिला घाईने भरता येत नाही. म्हणजे रोजची तूट साठची. १५० एएचची पूर्ण भरलेली बॅटरी घेऊन निघालं तरी तिसऱ्या रात्री ती संपणारच, आणि निम्म्याखाली उतरवायची नाही हा नियम पाळायचा तर पहिल्याच रात्री थांबावं लागेल. रिलेचा यात काही दोष नव्हता. त्याने आपलं काम केलं, भरायलाच काही नव्हतं.

उपाय तीन केले. मोबाइलसाठी इन्व्हर्टर बंद केला आणि बारा व्होल्टवर थेट चालणारे यूएसबी सॉकेट बसवले. इन्व्हर्टर नुसता चालू असला तरी अर्धा-एक अँपिअर खातो, रात्रभरात पाच-दहा एएच फुकट. दुसरं, मोबाइल गाडी चालू असताना किंवा मुक्कामी वीज मिळाल्यावरच लावायचे, रात्री नाही. तिसरा उपाय सगळ्यात मोठा: १२ व्होल्ट, १५ अँपिअरचा साधा बॅटरी चार्जर सोबत घेतला. मुक्कामाला शाळेत किंवा कुणाच्या वाड्यात एक सॉकेट मिळतंच. यजमानाला आधी वाटतं एवढी मोठी बॅटरी लावली तर मीटर पळेल. त्याला सांगायचं, माउली, तुमच्या इस्त्रीपेक्षा कमी वीज घेते. चार तास लावला की ६० एएच, तूट फिटली. आषाढात ढग असतात, म्हणून सोलर पॅनलवर आम्ही भिस्त ठेवली नाही. दिवाळीनंतर फिरणाऱ्या गाडीला मात्र तो चांगला.

इन्व्हर्टर ठेवणारच असाल तर त्याच्या कटऑफवर विसंबू नका. बहुतेक छोटे इन्व्हर्टर साडेदहा व्होल्टच्या आसपास बंद होतात. तोवर बॅटरीचं वाटोळं झालेलं असतं. १२ व्होल्टला लोड तोडणारा छोटा कटआउट मध्ये बसवा. आणि व्होल्ट वाचताना गाडी थांबल्या थांबल्या मोजू नका, तेव्हा वरवरचा चार्ज दिसतो. बॅटरी दोन तास शांत राहिल्यावर १२.६-१२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे पाव. आमच्यात विणेकऱ्यांचा नातू रात्री झोपताना दोन्ही आकडे पुठ्ठ्यावर लिहितो. पुढचीचा आकडा १२.४ खाली गेला की ड्रायव्हरला उठवायचा त्याला अधिकार आहे.

लिथियमबद्दल हल्ली सगळेच विचारतात. लिथियम आयर्न फॉस्फेट हलकी असते आणि १०० एएचमधले ८०-९० खरोखर वापरता येतात. पण ती व्होल्टेजवाल्या रिलेला जोडू नका. भरलेली लिथियम नुसती पडून असतानाही १३.२-१३.३ व्होल्ट दाखवते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बघणाऱ्या रिलेला इंजिन चालूच आहे असं वाटतं आणि तो तोडतच नाही. शिवाय ती एवढा करंट ओढते की लहान अल्टरनेटर तापतो. तिच्यासाठी डीसी-टू-डीसी चार्जर घ्यावाच लागतो. तो खर्च धरून भाव करा.

ट्युब्युलर बॅटरी पन्नास-साठ किलोची असते आणि तिच्यात ॲसिड असतं. दिवे घाटात ती सुटून सरकली तर काय होईल याचा विचार करून बांधा. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून ताडपत्रीखाली झोपणाऱ्या माणसांच्या उशाशी नको, आणि स्वयंपाकाच्या सिलेंडरच्या शेजारी तर अजिबातच नको. आमच्या गाडीत दोन्ही एकाच कोपऱ्यात होते, हे आठवलं की अजून काटा येतो.

एवढं करूनही एखाद्या पहाटे गाडी अडलीच, तर मागची बॅटरी कामाला येते. जम्पर वायर आधी प्लस ते प्लस लावा, मग मागचीच्या मायनसला, आणि शेवटचं टोक पुढच्या बॅटरीच्या मायनसला नाही तर इंजिनच्या उघड्या लोखंडाला, म्हणजे ठिणगी बॅटरीपासून लांब पडते. लगेच सेल मारू नका. ट्युब्युलरला एकदम मोठा करंट देता येत नाही; दहा-पंधरा मिनिटं जोडून ठेवा, पुढचीत थोडा जीव येऊ द्या, मग मारा. धक्का मारून सुरू करायची सवय जुन्या डिझेल गाड्यांची. नव्या गाडीत बॅटरी पार मेलेली असेल तर कॉम्प्युटरच जागा होत नाही, वीस माउलींनी ढकलली तरी. सुरू झाली की वायरी उलट्या क्रमाने काढा आणि पुढच्या मुक्कामापर्यंत मध्ये कुठेही, चहालासुद्धा, इंजिन बंद करू नका.